बोरीला वळसा

आमच्या पुढच्या खोलीत सामान फारसं नाही. एक पलंग, दोन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. तरी दारातून आत येताना मी सरळ येत नाही. उजव्या कोपऱ्याच्या जरा अलीकडे माझं अंग आपोआप डावीकडे झुकतं, उजवा खांदा आत ओढला जातो, आणि एक छोटासा वळसा घालून मग मी स्वयंपाकघराकडे वळतो. लग्न होऊन आठवडाही झाला नसेल, तेव्हा बायकोनं विचारलं, "तिथे काय आहे?"

"बोर आहे," मी म्हणालो.

तिनं रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "काट्यांची?"

"बोर आणखी कशी असते?"

"मग बरं झालं. केरसुणी तिथेच ठेवते. तुमच्या पायात तरी येणार नाही."

केरसुणी अजून तिथेच असते. आणि ही बोर माझ्या अंगात ज्यांनी लावली, ते आमचे सर मात्र आता कुठेच नाहीत. म्हणजे दिसत नाहीत. पण न दिसणाऱ्या गोष्टींना सर फारच मान देत, त्यामुळे त्याचं मी मनावर घेत नाही.

सर जळगावला आमच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. बेताची उंची, बंद गळ्याचा कोट, धोतर आणि बारा महिने हातात छत्री. ती छत्री उघडलेली कुणी पाहिली नव्हती. पाऊस आला की सर तिला कोटाच्या आत घेत आणि स्वतः भिजत चालत. कुणी विचारलंच तर म्हणत, "चांगली छत्री आहे. भिजवायची कशाला?" वर्गात हजेरी घेताना ते नावं वाचत नसत. डोळे मिटून क्षणभर उभे राहत, वर्गाचा कानोसा घेत, आणि म्हणत, "खिडकीकडचा एक आलेला नाही. आणि शेवटच्या बाकावर कुणीतरी आलाय, तो आपल्या वर्गाचा नाही." दोन्ही खरं निघे.

आमचे खेळाचे मास्तर बदलून गेले तेव्हा प्रिन्सिपॉलसाहेबांनी प्राध्यापकांच्या खोलीत येऊन विचारलं, की बास्केटबॉल कुणाला येतो? सर त्या वेळी बशीत चहा ओतत होते. मान वर न करता म्हणाले, "मी ऐकलाय."

साहेबांना वाटलं, विनय. विनय कसला, ती निव्वळ वस्तुस्थिती होती! पुण्यात शिकत असताना सरांची खोली एका क्रीडांगणाच्या भिंतीला लागून होती. भिंत उंच, त्या बाजूला खिडकी नाही. पलीकडे रोज संध्याकाळी बास्केटबॉल चाले आणि अलीकडे सर खाटेवर पडून तो ऐकत. दोन वर्षं ऐकला. भिंतीला वळसा घालून एकदा बघून यावं, असं त्यांच्या मनात आलं नाही. "चेंडूचा टप्पा म्हणजे प्रश्न," ते आम्हाला सांगत, "आणि जाळीतून पडल्याचा आवाज म्हणजे उत्तर. मधे जे होतं तो विचार. विचाराच्या वेळी माणूस डोळे मिटतो की उघडतो?"

म्हणून सरावाच्या वेळी सरांची खुर्ची मैदानाच्या कडेला असे, पण मैदानाकडे पाठ करून. सर तिच्यात बसत, छत्री मांडीवर आडवी, डोळे मिटलेले. समोर मेहरूणच्या तळ्याच्या बाजूचं माळरान, त्यावर उतरणारं ऊन. कापसाच्या हंगामात जिनिंगची भुरी, म्हणजे रुईचे बारीक तंतू, हवेत तरंगत आमच्या मैदानावर यायची. रिंगला लागायची, जाळीत अडकायची, सरांच्या कोटावर बसायची. असे ते पांढरे होत होत बसलेले असत, आणि मधूनच झोपेतल्यासारखं बोलत, "यासीन, आज डाव्या पायावर का रुसलास?" यासीन थबकून पायाकडे बघे. टाचेला खरंच फोड आलेला असे.

आता मैदानाविषयी सांगायला हवं. आमचा बोर्ड म्हणजे तर्कशास्त्राच्या वर्गातून बाद झालेला फळा. त्यावर सरांनीच कधीतरी पांढऱ्या रंगानं लिहून ठेवलेलं एक वाक्य होतं: 'सर्व मनुष्य मर्त्य आहेत.' चेंडू नेमका 'मर्त्य'वर आपटायचा. सुरुवातीला आम्हाला ते वाक्य बघूनच नेम धरता येत नसे. हळूहळू तेवढाच शब्द पुसट होत गेला. संक्रांतीच्या सुमारास फळ्यावर उरलं, 'सर्व मनुष्य आहेत.' आम्ही सरांना ते सांगितलं. ते पाठमोरे म्हणाले, "आता वाद उरला नाही."

आणि या पश्चिमेकडच्या रिंगच्या उजव्या हाताला, चुन्याच्या रेषेच्या चांगली आत, ती बोर होती. मेहरूणची अस्सल बोर. बुंधा वाकडा, फांद्या छत्रीसारख्या खाली आलेल्या, आणि काटे असे, की चेंडू नुसता घासून गेला तरी शिवणीतून आत शिरून ब्लॅडर फोडत. मैदान दुसरीकडे हलवावं तर एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला काळी माती. मुरमाची टणक जागा एवढीच. झाड तोडा, हे प्रत्येक नवा माणूस सुचवायचा. सर म्हणत, "झाड मैदानात आलेलं नाही. मैदान झाडात आलंय. ज्येष्ठ कोण?"

झाडापेक्षाही ज्येष्ठ होत्या खाला. मेहरूणच्या एका म्हाताऱ्या बाई. कॉलेज व्हायच्या आधीपासून या बोरीची बोरं त्या वेचत आणि दुपारच्या सुट्टीत आम्हालाच विकत. सुरुवातीला चेंडू लागून बोरं पडली की आम्ही ती खायचो, आणि खाला मैदानात घुसायच्या.

"मास्तर! तुमच्या या लंबूनं माझं झाड हलवलं. अल्ला कसम, टांग तोडीन त्याची!"

लंबू म्हणजे आमचा रघो. चोपड्याकडचा, केळीच्या मळ्यात वाढलेला, आणि केळीसारखाच सरळसोट वर गेलेला. तो म्हणायचा, "मी नही हलाडं, खाला. चेंडू लागना."

सरांनी निवाडा केला. हातानं किंवा काठीनं पडलेलं बोर खालांचं. चेंडूनं पडलेलं संघाचं. खालांनी तो मान्य केला आणि पस्तावल्या. कारण त्यानंतर बोरं पिकायला आणि आमचा नेम चुकायला एकच गाठ पडली. रिंगवर मारलेला चेंडू बाजूच्या झाडात कसा जातो, हे खाला कमरेवर हात ठेवून बघत राहत. सर पाठमोरे विचारत, "कुणाचा होता?" "माझा सर, जरा उजवीकडे गेला." "जरा? मला तर बोरांचाच आवाज आला."

पण खेळताना मात्र आम्ही त्या झाडाला वचकून असायचो. उजव्या कोपऱ्यात कधी जायचं नाही, तिकडे टप्पा मारायचा नाही, चेंडू छातीच्या वरूनच फिरवायचा, धावताना खांदा आत ओढायचा. दोन वर्षांत हे कुणाला सांगावं लागेना. साड्या सावरून बायका पाणवठ्यावर चिखल चुकवत जातात, तसे आम्ही पाचही जण त्या कोपऱ्याला वळसा घालून वाहत जायचो.

चेंडू एकच होता. त्यामुळे काटा लागला की तो सायकलवाल्याकडे पंक्चरला जायचा आणि आम्ही बिनचेंडूचे. पहिल्यांदा असं झालं तेव्हा आम्ही घरी निघालो. सर म्हणाले, "कुठे निघालात?"

"चेंडू नाही, सर."

"चेंडू नाही हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या हातांना कुठे माहीत आहे? खेळा."

आणि आम्ही खेळलो. आधी हसत, मग लाजत, मग खरंच. यासीननं नसलेला चेंडू माझ्याकडे टाकला, मी तो झेलून दोघा पाटलांपैकी एकाला दिला. आमच्या संघात पाटील दोन होते. एक यावलचा, एक एरंडोलचा. आणि जो पुढे असेल त्याला आम्ही पाटील म्हणायचो. पाटलानं तो रघोकडे फेकला. संध्याकाळ उतरत होती, भुरी तरंगत होती, पायांच्या आवाजाखेरीज कसलाही आवाज नव्हता. आणि सर खुर्चीतून ओरडले, "रघो, सुटला तुझ्या हातून!"

"नही सर, धरेल शे!" रघो दोन्ही हात छातीशी घट्ट धरून म्हणाला.

"सुटला. पाय अडखळला तेव्हाच सुटला. चेंडू समोरच्यांचा."

रघो इतका चिडला, की दुसऱ्या दिवशी खरा चेंडू आला तरी तो सरांशी बोलत नव्हता.

अशाच एका बिनचेंडूच्या संध्याकाळी प्रिन्सिपॉलसाहेब फेरी मारायला आले. सुटाबुटातला धिप्पाड माणूस. ते मैदानाच्या कडेशी उभे राहिले. यासीनचा त्या दिवशी चांगलाच रंग जमला होता. त्यानं मागे न बघता एक लांबलचक पास मारला, नेमका साहेबांच्या दिशेनं. आणि साहेबांनी पटकन मान खाली घातली!

साहेब हळूहळू सरळ झाले. मागे वळून, चेंडू कुठे गेला ते बघू लागले. मग त्यांना कळलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हसू दाबायला आम्ही पाटलांच्या पाठीत तोंडं खुपसली.

"हा काय पोरखेळ चालवलाय?" ते सरांना म्हणाले.

"पास चांगला होता," सर डोळे न उघडता म्हणाले. "आपण मान खाली घातलीत, म्हणजे नक्कीच चांगला होता."

हे वाक्य सरांनी गिळलं असतं, तर पुढचं कदाचित घडलं नसतं. पण गिळण्याची त्यांची पद्धत वेगळी. ते शब्द गिळत नसत, खेळाडू गिळत. हे जरा उलगडून सांगतो. सामन्याआधी सर डावपेच समजावत ते बोरांवर. कोटाच्या खिशातून दहा बोरं काढून ओट्यावर मांडायची. पाच पिकलेली आमची, पाच हिरवी समोरच्यांची. मग बोलत बोलत एकेक हिरवं तोंडात टाकायचं. "हा यांचा उंच खेळाडू. याला असा कोंडला." गट्ट. "याला वाटेतच अडवलं." गट्ट. शेवटी ओट्यावर आमचीच पाच उरत आणि सामना कागदावर, म्हणजे पोटात, जिंकलेला असे. पण सर पडले स्वप्नाळू. एकदा चोपड्याच्या सामन्याआधी बोलण्याच्या नादात त्यांनी एक पिकलेलं बोर खाल्लं. चघळता चघळता थांबले. गोड लागलं असावं. आमच्याकडे बघितलं आणि माझ्याकडे बोट केलं. "हा तू होतास. आज तू बस."

मी बसलो. खाल्लेला खेळाडू त्या दिवशी मैदानात उतरत नाही, हा आमचा नियमच झाला. पुढे आम्ही ओट्याभोवती बसलो, की आपापल्या बोराकडे डोळ्यांत तेल घालून बघायचो. सरांचा हात जवळ आला, की पाटील हळूच आपलं बोर मागे सरकवायचा.

तर त्या हंगामात आम्ही बरे खेळलो. आमच्याकडे आलेले संघ आमच्याकडून आणि बोरीकडून मिळून हरत. मग एका पाहुण्या संघाचा कप्तान चेंडूमागे झाडात शिरला. त्याला बाहेर काढायला खाला आणि एक कात्री लागली. त्यानं जाताना तक्रार केली. तक्रार साहेबांकडे आली, आणि तिच्यासोबत ती खाली घातलेली मानही त्यांना आठवली असणार. त्यांनी सरांना मैदानातच गाठलं. आम्ही सगळे होतो, खालाही होत्या.

"झाड तोडायचं," साहेब म्हणाले. "या झाडानं तुमची पोरं वाकडी खेळायला शिकलीत. स्वच्छ मैदानावर यांना चालतासुद्धा येणार नाही."

"वाकडी?" सर पहिल्यांदाच खुर्चीतून उठले. "हे विधान सिद्ध करावं लागेल."

"पुढच्या आठवड्यात धुळ्याला शेवटचा सामना आहे. धुळ्याचं मैदान आरशासारखं आहे. तिथे जिंका. झाडाला मी हात लावणार नाही, शब्द देतो. हरलात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कुऱ्हाड."

"मान्य," सर म्हणाले. इतक्या पटकन, की आम्हाला अडवायलाही सवड मिळाली नाही.

खाला झाडाखाली गेल्या, पडलेली चार बोरं उचलली, पदराला पुसली. कुठली हातानं पडलेली, कुठली चेंडूनं, ते त्यांनी पाहिलं नाही. त्या माझ्या आजीच्या वयाच्या होत्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तेवढ्या दिसल्या.

धुळ्याला निघालो तेव्हा उजाडत होतं. गाडीच्या टपावर कापसाची बोचकी, आत आम्ही. खाला गाडीपर्यंत आल्या होत्या. सरांच्या हातात बोरांचं गाठोडं देऊन म्हणाल्या, "मास्तर, झाडाला सांगून आलेय. घाबरू नको म्हटलं." पारोळ्यापर्यंत शेतांवर धुकं होतं. सर छत्रीवर हनुवटी टेकून झोपले होते. रघो खिडकीतून बाहेर बघत हळूच म्हणाला, "आपण खरंच वाकडं खेळतस का रे?"

धुळ्याचं मैदान खरंच आरसा होतं. सारवलेलं, रेषा दोरीनं आखल्यासारख्या, बोर्ड पांढरे शुभ्र. त्यावर मर्त्य-अमर्त्य काही नाही. भोवती निम्मं धुळे जमलेलं. मैदान आमच्यासारखंच पूर्व-पश्चिम होतं, आणि पहिल्या अर्धात पश्चिमेची रिंग राखायची आमच्याकडे आली. सरांनी पंचांना विचारून खुर्ची मागितली आणि मैदानाकडे पाठ करून बसले. लोक हसले. त्यांना काय माहीत, खरं हसायचं अजून पुढे आहे!

शिटी झाली. यासीननं आमच्या रिंगखाली चेंडू घेतला, आम्ही निघालो, आणि पश्चिमेच्या रिंगपाशी, उजव्या हाताच्या कोपऱ्यात, जिथे काहीसुद्धा नव्हतं, तिथे आम्ही पाचही जणांनी खांदे आत ओढून सुरेख वळसा घातला.

पहिल्यांदा धुळेकरांना वाटलं, ही काहीतरी युक्ती आहे. ते बिचकले. दुसऱ्यांदा त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांचा कप्तान कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "का रे भाऊ, तठे साप शे का?"

हशा उसळला. आणि मग त्यानं जे करायचं तेच केलं. आपला एक खेळाडू त्या कोपऱ्यात नेऊन उभा केला. त्याच्याकडे चेंडू जाई. आम्ही धावत जायचो आणि हाताच्या अंतरावर थबकायचो. तो निवांत नेम धरून टाकायचा. प्रेक्षकांतून कुणी म्हणालं, "अहो, केळीवाल्यांना बहुतेक शिवाशिव आहे!" मी डोळ्यांनी बघत होतो, की तिथे स्वच्छ सारवलेली जमीन आहे. पण गुडघे म्हणत होते, काटे आहेत.

मध्यंतराला आम्ही चांगलेच मागे होतो. सरांच्या खुर्चीभोवती जाऊन बसलो. कुणी वर बघेना. साहेबांचं विधान सिद्ध झालं होतं. सरांनी ते सगळं ऐकलं होतं, हे आम्हाला माहीत होतं. एका जागी पाच जोड्या पाय थबकतात, हे त्यांच्या कानाला कळल्याशिवाय राहणार होतं का?

रघोच्या डोळ्यांत पाणी होतं. "सर, माले माहीत शे, आठे झाड नही. पण पायले कोन सांगी?"

सरांनी खालांचं गाठोडं सोडलं. जमिनीवर छत्रीच्या टोकानं मैदान आखलं. पाच पिकलेली, पाच हिरवी मांडली. मग गाठोड्यात बराच वेळ बोटं फिरवून एक अकरावं बोर काढलं. सुकलेलं, सुरकुतलेलं, सगळ्यांत मोठं. ते त्यांनी पश्चिमेच्या रिंगशेजारी, उजव्या कोपऱ्यात ठेवलं.

आम्ही ओळखलं. ती बोर होती.

सरांनी त्या बोराकडे क्षणभर बघितलं, जसं एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडे परवानगीसाठी बघावं. मग ते उचललं आणि तोंडात टाकलं.

सर शांतपणे चघळत होते. सुकं बोर, वेळ लागतो. अखेर त्यांनी बी तळहातावर घेतली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

"आज झाड बसेल," ते म्हणाले.

सर खाली वाकले, आणि तर्कशास्त्राच्या तासाला कधी बोलले नव्हते अशा आवाजात म्हणाले, "पोरांनो, ते तिकडे उभं राहायला हवं असेल, तर इथून काढा. दोन्हीकडे नाही राहायचं ते."

शिटी झाली. बाजू बदलल्या होत्या. आता पश्चिमेच्या रिंगवर आम्ही चाल करायची होती. पहिल्या काही मिनिटांत विशेष काही झालं नाही, फक्त आम्ही जरा जवळून वळलो. मग यावलचा पाटील वळसा न घालता सरळ गेला, आणि आपण जिवंत आहोत हे बघून इतका चकित झाला, की चेंडू टाकायलाच विसरला. मग मी गेलो. काय सांगू! जिथे आयुष्यात कधी पाऊल ठेवलं नाही, अशा जागेत शिरताना अंगावर काटा येतो म्हणतात, माझ्या अंगावरचे काटे मात्र एकेक करून गळत होते. आम्ही एकेक टोपली करत जवळ येत गेलो.

धुळेकर मात्र पहिल्या अर्धातच राहिले होते. केळीवाले या कोपऱ्यात येऊन थांबत नाहीत, हे त्यांनी पक्कं धरलं होतं. तिथे त्यांचा राखणदार नव्हता. शेवटचे क्षण, आम्ही एका गुणानं मागे. चेंडू यासीनकडे, समोर तीन हात. त्यानं बघितलंसुद्धा नाही. ज्या हातानं त्यानं साहेबांना मान खाली घालायला लावली होती, त्याच हातानं त्यानं चेंडू त्या रिकाम्या कोपऱ्यात फेकला. अगदी रिकाम्या. तिथे आमचं कुणी नव्हतं.

रघो धावला. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो, म्हणून मला दिसलं. कोपऱ्याच्या तोंडाशी त्यानं डोळे घट्ट मिटले, डावा हात फांद्या बाजूला सारल्यासारखा तोंडासमोर धरला, आणि तो झाडात शिरला. आत गेल्यावर त्यानं डोळे उघडले. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. सगळीकडे ऊन होतं. चेंडूनं एक टप्पा घेतला, त्यानं तो उचलला, आणि झाडाच्या पोटातून, जिथून आमच्यातल्या कुणी कधी टाकला नव्हता, तिथून वर टाकला.

मी रिंगकडे नाही बघितलं. मी सरांच्या पाठीकडे बघितलं. जाळीचा आवाज झाला. सरांची छत्री मांडीवरून घसरून खाली पडली. मागोमाग पंचांची लांब शिटी.

"सर, बठ्ठं मोकळं शे तठे!" सगळं मोकळं आहे तिथे, म्हणून रघो ओरडत येत होता. "बठ्ठं मोकळं!"

परतलो ते दुसऱ्या दिवशी दुपारी. साहेबांनी शब्द पाळला. हात मिळवले आणि मैदानाकडे न बघता निघून गेले. संध्याकाळी सराव होता. खाला झाडाखाली बसल्या होत्या, सर त्यांच्यापाशी गेले. खिशातून ती बी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"घ्या खाला, तुमचं झाड. धुळ्याला न्यावं लागलं होतं. आणून पोचवलं."

खालांनी ती बी बघितली. "तिकडे लावून नाही आलात?"

"नाही. तिथे वाकडी पोरं नाहीत."

मग सर आपल्या खुर्चीत बसले, मैदानाकडे पाठ करून. डोळे मिटले. भुरी तरंगत होती. यासीननं चेंडू घेतला, मला दिला, मी पाटलाला, पाटलानं रघोला. कालच्या विजयानं रघो चार इंच आणखी उंच झाला होता. तो चेंडू घेऊन सुसाट सुटला, सरळ, न वळता, मोकळ्या मनानं उजव्या कोपऱ्यात...

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आधी एक धडक, मग एक लांब 'आय वो', मग सगळ्या झाडाची सळसळ, आणि मग बोरांचा असा पाऊस, की चुन्याची रेषा दिसेनाशी झाली. मग आम्ही सगळे इतके हसलो, की पाटील जमिनीवर लोळला आणि काटे लागून ओरडत उठला. दुसरा त्याला उचलायला गेला आणि तोही ओरडला. रघो फांद्यांमधे अडकून शपथा घेत होता, "झाड काढी टाकेल होतं ना!"

"हा आवाज मला माहीत नाही," सर म्हणाले.

ते उठले. दोन्ही हातांनी खुर्ची उचलली. आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच ती मैदानाकडे तोंड करून ठेवली. मग बसले, डोळे उघडून, आणि आम्हाला बघू लागले. प्रत्येकाला. पुण्याच्या त्या भिंतीला कुणी अखेर वळसा घालून यावं, तसे.

"मास्तर," खाला कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "एवढी बोरं. हातानं पाडली नाहीत, काठीनं नाहीत. पण चेंडूनंही नाहीत. या लंबूच्या डोक्यानं पाडली. कुणाची?"

निवाडा अवघड होता. सर विचारात पडले. रघोचं डोकं त्यांनी नीट निरखून पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच.

"डोकं हे हातात मोडतं की चेंडूत?" ते स्वतःशीच म्हणाले.

"रघोचं ना, सर?" यासीन म्हणाला. "चेंडूतच."

सर हसले. मग त्यांनी ती छत्री घेतली, कधी न उघडलेली, आणि खटकन उघडली. उलटी करून जमिनीवर ठेवली.

"निम्मी निम्मी," ते म्हणाले. "आणि उद्यापासून झाड पुन्हा खेळेल."